चंदगडात काय मोजावे, कोल्हापुरात काय



स्मृती व्याख्यानमालेसाठी विषय असा निवडावा, की ज्याचा ऐकणाऱ्याच्या घराशी आज ना उद्या संबंध येणार आहे, असे मला वाटते. ताप येतो, अंगावर काढला जातो, तिसऱ्या दिवशी माणूस असंबद्ध बडबडू लागतो, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, आणि मग ‘इन्फेक्शन रक्तात गेलंय, बेळगावला न्या’ असे सांगितले जाते. वैद्यकशास्त्र या अवस्थेला सेप्सिस म्हणते. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे आणि जिवाला धोका निर्माण होणे म्हणजे सेप्सिस. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे जगातला जवळजवळ दर पाचवा मृत्यू. त्याच २०१७ मध्ये जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसबाबतचा ठराव केला. गेल्या काही वर्षांत शहरातल्या रुग्णालयांच्या बिलांवर या आजाराशी जोडलेली एक चाचणी सर्रास दिसू लागली आहे. तिचे नाव प्रोकॅल्सिटोनिन. ती तालुक्याच्या ठिकाणीही मिळायला हवी, ही मागणी आता होते आणि तिच्यामागची तळमळ खरी आहे. माझे म्हणणे मात्र असे की, कोणती चाचणी कुठे करावी हे त्या चाचणीच्या प्रतिष्ठेवरून ठरवू नये. तिची मोजण्याची पद्धत कोणती, तिचा नमुना किती प्रवास सोसतो आणि तिच्या आकड्याने कोणता निर्णय बदलतो, या तीन गोष्टींवरून ते ठरावे. तसे ठरवले तर तुमच्या चंदगड तालुक्यात मोजण्यासारखे एक आहे आणि कोल्हापुरात किंवा बेळगावात मोजण्यासारखे दुसरे.

प्रोकॅल्सिटोनिन हे ११६ अमिनो आम्लांचे प्रथिन. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या काही पेशी त्यापासून कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवतात, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही, मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असते. जिवाणूंचा संसर्ग शरीरभर पसरला की मात्र यकृतासारखे इतर अवयवही ते बनवून थेट रक्तात सोडू लागतात. १९९३ साली पॅरिसजवळच्या संशोधकांनी ७९ मुलांच्या तपासणीवरून हे दाखवून दिले. गंभीर जिवाणू संसर्ग झालेल्या मुलांत पातळी ६ ते ५३ नॅनोग्रॅम होती, तर विषाणूंचा किंवा एका जागेपुरता संसर्ग असलेल्यांत ती दीडच्या वर गेली नव्हती. संसर्ग सुरू झाल्यापासून दोन ते चार तासांत ही पातळी चढू लागते, साधारण दिवसाभरात शिखर गाठते, आणि निर्मिती थांबली की दर चोवीस तासांनी निम्मी होते. १० असलेला आकडा उद्या ५, परवा अडीच, तेरवा सव्वा. या चाचणीचे सगळे बळ या उतरण्यात आहे, ते पुढे स्पष्ट होईल. शिखराच्या आकड्याचे आकर्षण सगळ्यांना असते, पण तो आकडा अनेक कारणांनी फसवतो. मोठी शस्त्रक्रिया, मोठा अपघात, भाजणे, उष्माघात, मलेरिया या सगळ्यांत तो वाढतो. नवजात बाळाच्या पहिल्या दोन दिवसांत तर तो संसर्गाशिवायही चढलेला असतो.

आता हा इतका बारीक पदार्थ मोजतात कसा? मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. साध्या रासायनिक अभिक्रियेने तो दिसत नाही. म्हणून दोन अँटिबॉडी वापरतात. त्या प्रोकॅल्सिटोनिनच्या रेणूला दोन वेगळ्या जागी पकडतात, आणि दुसरीला एखादी खूण चिकटवलेली असते. पहिल्या काळातल्या चाचणीत ही खूण प्रकाश देणारी होती. आतून अँटिबॉडी लावलेल्या नळ्यांत ती हाताने करावी लागे, आणि साधारण ०.३ नॅनोग्रॅमच्या खाली तिचा भरवसा नसे. पुढे क्रिप्टॉर हे यंत्र आले. त्यात एका अँटिबॉडीवर युरोपियम या धातूचे क्रिप्टेट बसवलेले असते. धातूच्या अणूला पिंजऱ्यात धरून ठेवणारे हे रेणू ज्यां-मारी लेन यांच्या संशोधनातले, ज्यासाठी त्यांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. दुसऱ्या अँटिबॉडीवर वेगळा रंगद्रव्य-रेणू असतो. दोन्ही अँटिबॉडी एकाच प्रोकॅल्सिटोनिनवर बसल्या, म्हणजेच अगदी जवळ आल्या, तरच पहिल्याची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि ठराविक रंगाचा प्रकाश थोडा उशिरा बाहेर पडतो. यंत्र तो उशिराचा प्रकाश मोजते, त्यामुळे रक्ताच्या स्वतःच्या चमकेचा अडथळा येत नाही, आणि नमुना धुण्याची पायरीही वाचते. या पद्धतीने ०.०६ पर्यंत खात्रीने मोजता येते. इतर कंपन्यांच्या यंत्रांत चुंबकीय कण, रुथेनियमचा विद्युत-प्रकाश, विकरांनी उजळणारे रंग अशा निरनिराळ्या खुणा आहेत. शिवाय लॅटेक्सच्या कणांमुळे द्रावण किती गढूळ झाले ते पाहणारी स्वस्त पद्धतही आहे. ती साध्या बायोकेमिस्ट्री यंत्रावर चालते. आणि सर्वांत खाली पट्टी: गर्भचाचणीसारखी कागदी पट्टी, थेंब टाकायचे, अर्धा तास थांबायचे आणि रेषेची गडदता ठरलेल्या रंगांशी ताडून पाहायची. ०.५ पेक्षा कमी, ०.५ ते २, २ ते १०, आणि १० च्या वर, असे चारच कप्पे.

या साऱ्या पद्धती कागदावर एकाच नावाने येतात. रिपोर्टवर ‘प्रोकॅल्सिटोनिन’ आणि समोर एक आकडा, एवढेच छापलेले असते. कोणत्या यंत्रावर, कोणत्या पद्धतीने, हे बहुधा नसते. मला हे गंभीर वाटते. साखरेसाठी किंवा सीआरपी या दुसऱ्या प्रथिनासाठी जगभर मान्य असा संदर्भ-पदार्थ आहे, ज्याच्याशी प्रत्येक कंपनी आपले यंत्र जुळवून घेते. प्रोकॅल्सिटोनिनच्या पद्धती बहुतांशी एकाच मूळ कंपनीच्या मापनाशी जुळवलेल्या आहेत. त्यामुळे निरनिराळ्या यंत्रांचे आकडे साधारण सारखे येतात, पण ०.२५ किंवा ०.५ अशा निर्णयाच्या सीमेवर ‘साधारण’ पुरत नाही. त्यात काही यंत्रे अँटिबॉडी धरून ठेवायला बायोटिन वापरतात. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तात त्यांचा आकडा खोटा कमी येऊ शकतो. धरणाची पातळी रोज त्याच खुणेवरून वाचावी लागते; काल एका खांबावरून आणि आज दुसऱ्यावरून वाचली, तर पाणी चढले की उतरले हे सांगता येणार नाही. सोमवारी चंदगडात पट्टीवर, बुधवारी बेळगावात यंत्रावर आणि शुक्रवारी कोल्हापुरात तिसऱ्याच यंत्रावर काढलेले तीन आकडे एकाखाली एक लिहून रुग्ण सुधारतोय का हे ठरवू नये, ते याचसाठी.

पट्टीची मर्यादा आणखी खोल आहे. अँटिबायोटिक कधी थांबवावे यासाठी जो नियम अभ्यासांत वापरला गेला, तो असा: शिखरापासून ८० टक्के घट, किंवा आकडा ०.५ वर किंवा त्याखाली. समजा शिखर ९.५ होते आणि चार दिवसांनी १.९ झाले, म्हणजे बरोबर ८० टक्के घट. औषध थांबवण्याचा विचार करता येईल. आता समजा शिखर २.१ होते आणि १.९ झाले, म्हणजे जेमतेम दहा टक्के घट. औषध थांबवणे धोक्याचे. पट्टीवर या दोन्ही रुग्णांचा निकाल एकच: वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात. ज्या निर्णयासाठी ही चाचणी खरोखर उपयोगी ठरली आहे, तो निर्णय पट्टी घेऊच देत नाही. आणि दुर्गम भागासाठी म्हणून विकली जाते ती पट्टीच.

मग कोणत्या निर्णयासाठी ती उपयोगी ठरली? इथे पुरावा पुरेसा आहे. डेन्मार्कमध्ये अतिदक्षता विभागातल्या १२०० रुग्णांवर अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. रोज प्रोकॅल्सिटोनिन मोजायचे आणि ते उतरत नसेल तर अँटिबायोटिक वाढवायचे, अशी रीत. मृत्युदर तसाच राहिला, दोन्ही गटांत ३२ टक्क्यांच्या आसपास; उलट औषधे वाढवलेल्या गटात रुग्ण जास्त दिवस कृत्रिम श्वासावर राहिले आणि मूत्रपिंडांवर ताण आला. याच्या उलट दिशेचा अभ्यास नेदरलँड्समध्ये झाला, २०१६ मध्ये. दीड हजारांहून अधिक रुग्ण, आणि आकडा केवळ औषध थांबवण्यासाठी वापरलेला. अँटिबायोटिकचे दिवस सातांवरून पाचांवर आले, आणि २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांऐवजी २० टक्के. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या अभ्यासात २७६० रुग्ण होते. तिथे प्रोकॅल्सिटोनिनमुळे औषधाचा काळ जेमतेम एका दिवसाने घटला, सीआरपीमुळे घटला नाही. सुरुवात करण्याच्या बाजूने पाहावे तर स्वित्झर्लंडमध्ये २००९ ला श्वसनसंसर्गात औषधाचे दिवस ८.७ वरून ५.७ वर आले होते, पण अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांत २०१८ ला तोच प्रयत्न केला तेव्हा काहीच फरक पडला नाही. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि आपल्याला योग्य वाटले तेच केले. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे ठरवण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिन वापरू नका असे सुचवतात, आणि थांबवण्यासाठी वापरायला हरकत नाही म्हणतात. सुरू करण्याचा निर्णय तालुक्यात होतो. थांबवण्याचा निर्णय रुग्ण जिथे चौथ्या-पाचव्या दिवशी असतो तिथे होतो, म्हणजे गडहिंग्लजला, बेळगावला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला.

चंदगड नकाशावर पाहिले की हा मुद्दा आपोआप पटतो. जिल्ह्याचे ठिकाण कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर, बेळगाव त्यापेक्षा कितीतरी जवळ, पण तेही दुसऱ्या राज्यात. पावसाळ्यात घाटाकडच्या वाड्यांवरून आधी तालुक्यालाच पोचायला वेळ लागतो. शॉक आलेल्या रुग्णाला पहिला डोस तासाभरात मिळावा, आणि शॉक नसताना सेप्सिसची शंका असेल तर फार तर तीन तासांत, असे २०२१ च्या त्याच सूचना सांगतात. हा सारा वेळ तालुक्यातच किंवा वाटेत संपतो. म्हणून इथे मोजायचे ते असे हवे की जे मिनिटांत कळते आणि ज्यावर लगेच काही करता येते. श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि शुद्ध हरपू लागणे, या तीन खुणांसाठी घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि लक्ष देणारी नर्स पुरते. या खुणा सर्व रुग्ण पकडत नाहीत, हे खरे. केवळ त्यांच्यावर विसंबू नका असेही सांगितले जाते. त्यांच्या जोडीला लॅक्टेट हवे. पेशींना प्राणवायू आणि रक्त पुरेनासे झाले की लॅक्टेट चढते. लिटरमागे २ मिलिमोलच्या वर गेले की सावध व्हावे आणि ४ च्या वर गेले तर सलाईन जोरात सुरू करावे.

आणि इथेच नमुन्याच्या प्रवासाचा मुद्दा निर्णायक ठरतो. रक्त नळीत काढल्यावरही तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर जाळून लॅक्टेट बनवत राहतात. साध्या नळीत काढलेले रक्त गाडीतून तीन तास गेले तर तिथे येणारा आकडा रुग्णाचा राहत नाही. करड्या बुचाची, फ्लोराइड असलेली नळी ही प्रक्रिया बऱ्याच अंशी रोखते, पण उत्तर उद्या आले तर त्याचा उपयोग काय? लॅक्टेट रुग्णाच्या खाटेजवळ, बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या छोट्या यंत्रावर मोजायला हवे. प्रोकॅल्सिटोनिनचे उलट आहे. ते प्रथिन चिवट आहे. खोलीच्या तापमानाला दिवसभर ठेवले तरी दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच कमी होते, आणि थंड पेटीत त्याहून कमी. म्हणजे त्याचा नमुना खुशाल प्रवास करू शकतो. सरकारी दवाखान्यांतले नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेकडे नेण्याची महालॅबसारखी व्यवस्था आपल्या राज्यात आहेच. ज्याचा नमुना टिकतो आणि ज्याचा निर्णय दूरवर होतो, त्यासाठी यंत्र इथे आणून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याचा नमुना टिकत नाही आणि ज्याचा निर्णय इथेच होतो, त्याचे यंत्र नसणे मात्र परवडणारे नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो भावनेचाही आहे: शहराला उत्तम चाचणी आणि खेड्याला घड्याळ, हा अन्याय नव्हे काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते, आणि तेही चंदगडपेक्षा दुर्गम भागात. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले किंवा थांबले, हातपाय लुळे पडले, उलट्या होऊ लागल्या वा पोट फुगले, अंग गार लागले, छाती खोल आत ओढली जाऊ लागली, बेंबीत पू झाला, या सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर सेप्सिस समजायचा, असा निकष त्या अभ्यासाच्या माहितीतून तावून सुलाखून निघाला. जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचे सिरप, हे उपचार घरातच. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, आणि सेप्सिसने आजारी बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. रक्ताची एकही चाचणी न करता. पुढे देशभरात आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तो याच अनुभवातून. नवजात बाळाचे नियम मोठ्या माणसाला लागू नाहीत, हे मान्य. साठीतल्या मधुमेही शेतकऱ्याचा सेप्सिस बाळापेक्षा गुंतागुंतीचा असतो. पण पाहण्याचे आणि वेळेवर औषध देण्याचे काम नीट झाले तर किती जीव वाचतात, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. अन्याय व्हायचा असेल तर तो या कामाची साधने न देण्यात होईल.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. तालुक्यातला डॉक्टर एकटा असतो, नातेवाईक विचारतात, आणि हातात आकडा असला की रेफर करताना बळ येते. ही अडचण मी हलकी मानत नाही. पण चुकीच्या जागी आलेल्या बळाची किंमत मोजावी लागते. तुमचा तालुका पावसाचा, भातशेतीचा, जंगलाच्या काठचा. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. झाडाझुडपांतल्या चिगर किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. प्रोकॅल्सिटोनिनचा चढता आकडा जंतू कोणता ते सांगत नाही. तो मोठा दिसला की हात सवयीने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिककडे जातो, आणि स्क्रब टायफसवर ते चालत नाही. तिथे डॉक्सीसायक्लिन लागते. काखेत, जांघेत, स्तनाखाली कपडे बाजूला करून काळी खपली शोधली तर रोग सापडतो, आणि ते दोन मिनिटांचे काम आहे. उलट आकडा ०.२ आला आणि माणूस धापा टाकतो आहे, तर काय करायचे? संसर्ग सुरू होऊन दोनच तास झाले असतील तर आकडा चढायला वेळ मिळालेला नाही. तो आकडा पाहून थांबलेला डॉक्टर रुग्णाचे नुकसान करील.

कोणी म्हणेल, मग मधला मार्ग म्हणून सीआरपी घ्या. १९३० पासून माहीत असलेले हे प्रथिन. त्याची चाचणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या लॅबमध्ये होते. साध्या तापखोकल्यात अनावश्यक अँटिबायोटिक टाळायला ती कामाची आहे: व्हिएतनाममध्ये प्राथमिक केंद्रांवर २०३७ रुग्णांत बोटाच्या थेंबावर सीआरपी पाहिले, तेव्हा अँटिबायोटिक घेणाऱ्यांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून ६४ वर आले. पण त्यासाठी आकडा हवा. काचपट्टीवर गुठळ्या झाल्या की ‘पॉझिटिव्ह’ लिहून देणारी लॅटेक्स चाचणी लिटरला सहा मिलिग्रॅमच्या वरचे सारे एकाच मापात घालते, आणि सर्दीच्या रुग्णातही सीआरपी तेवढे सहज चढते. सहा आणि दोनशे यांना एकच शब्द वापरणाऱ्या चाचणीवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र तालुक्यातच व्हायला हवी आणि ती फारशी होत नाही: पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्ताचे कल्चर. गंभीर सेप्सिसच्या ३२५ रुग्णांत २०१९ साली दिसले की अँटिबायोटिकआधी काढलेल्या रक्तात ३१ टक्क्यांत जंतू वाढले, आणि त्याच रुग्णांत औषध दिल्यावर दोन तासांच्या आत काढलेल्या रक्तात फक्त १९ टक्क्यांत. रुग्ण बेळगावला पोचतो तेव्हा इथला डोस रक्तात फिरत असतो. तिथली उत्तम प्रयोगशाळाही हरवलेला जंतू परत आणू शकत नाही. त्वचा नीट स्वच्छ करून मोठ्या माणसाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत, शक्यतो दोन ठिकाणांहून दोन बाटल्या. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही, रुग्णाबरोबरच अ‍ॅम्ब्युलन्समधून पाठवायची. यासाठी डोस लांबवायचा नाही. रक्त काढायला लागणारी पाच मिनिटे वगळता. आणि रेफर चिठ्ठीवर पहिल्या डोसचे औषध आणि वेळ, लॅक्टेटचा आकडा, मोजलेला श्वास आणि रक्तदाब. पुढच्या रुग्णालयाने प्रोकॅल्सिटोनिन पाहायचे ते पहिल्या दिवशी आणि मग एक-दोन दिवसांआड, एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने. आणि रिपोर्टवर त्या पद्धतीचे व यंत्राचे नाव छापण्याचा आग्रह तिथल्या डॉक्टरांनीच धरावा. एकदाच मोजून पुन्हा न पाहिलेले प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे रुग्णाच्या खिशातून गेलेले पैसे.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या असतात, आणि त्यांच्या हातात किरकोळ खरेदीसाठी थोडा निधी असतो. या सभागृहात त्या समितीवर बसणारे, किंवा तिथे आपला शब्द चालणारे, कोणी असतील तर त्यांना माझी विनंती आहे: यंदा प्रोकॅल्सिटोनिनच्या पट्ट्यांचा प्रस्ताव आला तर तो बाजूला ठेवा. त्याऐवजी बोटाच्या थेंबावर चालणारे लॅक्टेटचे एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्या, कल्चरच्या बाटल्या आणि प्रत्येक वॉर्डात सेकंदकाटा असलेले एक भिंतीवरचे घड्याळ घ्या, आणि पावसाळ्यापूर्वी घ्या.